जुनी कवटी नव्याने तपासताना

लिस्ट्रोसॉरस या डायनोसॉरच्याही आधीच्या, दोन सुळ्यांच्या प्राण्याची जुनी कवटी टेबलावर आली की मी तिची चिठ्ठी पालथी ठेवते. जातीचं नाव आधी वाचलं तर डोळे तेच शोधत बसतात. संग्रहाची नोंदवही मात्र पहिल्याच दिवशी वाचा: कुठला नाला, कुठला थर, कधी आणली. बंगालमधल्या राणीगंजजवळच्या पंचेत नावाच्या खडकथरांतल्या या प्राण्याचं वर्णन ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हक्सलेने १८६५ मध्ये केलं, तेही डायसिनोडॉन या नावाने. म्हणजे नावं बदलत आली आहेत, थर जागेवरच आहे.

मग खोली अंधारी करा आणि दिवा आडवा धरा. एका कवटीचं नाकाड मला विलक्षण उभं वाटलं, त्याचा कोन मोजण्यात दोन दिवस गेले. आडव्या उजेडात रंगाखाली ब्रशचे फटकारे दिसले. पुढचं तीन बोटं नाकाड प्लास्टरचं होतं! तेव्हापासून हाड कुठे संपतं ते रेखाटल्याशिवाय मी कॅलिपर, म्हणजे मापाचा चिमटा, हातात घेत नाही. शंका आली तर ॲसिटोनचा बोळा अगदी कोपऱ्यात लावून बघा; जास्त लावलात तर जुने सांधे सुटतील.

डोळ्याच्या खोबणीमागचं एकुलतं भोक नीट पाहा. आपल्याशी, सगळ्या सस्तनांशी, असलेल्या नात्याची खूण ती हीच. खडकाच्या दाबाने कवटी तिरकी चेपते, म्हणून डावी-उजवी मापं वेगळी लिहा. सरासरी काढू नका.

खरं काम यापुढे आहे. हाताशी असतील तेवढ्या कवट्या लहान ते मोठी अशा मांडा. कवटीची लांबी आणि नाकाडाची लांबी आलेखावर घ्या. ठिपके एकाच रेषेच्या आसपास पडले तर नवी जात जाहीर करायची घाई नको, ती वाढ असू शकते. जीवाश्म-अभ्यासक संघमित्रा राय यांनी २००५ मध्ये भारतातल्या कवट्यांची वाढ आणि नर-मादीतला फरक तपासला आणि त्या सगळ्या लिस्ट्रोसॉरस मरेयी या एकाच जातीत घेतल्या. मला हे काम नव्या नावापेक्षा मोठं वाटतं.

सुळा कापायचा तर आधीच तुटलेलाच घ्या, आणि आधी रबराचा साचा काढा. कापात झाडासारखी वलयं दिसतात. २०२० मध्ये अंटार्क्टिकातल्या सुळ्यांत ताणाच्या, म्हणजे वाढ मंदावल्याच्या, जाड रेषा सापडल्या. हे प्राणी हिवाळ्यात सुस्तावत असावेत. काप घेतल्यावर उरलेले तुकडे त्याच क्रमांकाच्या पिशवीत ठेवा.