सेल्कीचे सिनेमे मुलांना दाखवायचे तर

आधी पडदा कोराच राहू दे, गोष्ट तोंडी सांगा. स्कॉटलंडच्या ऑर्कनी-शेटलंड बेटांवर आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर सांगतात ती. सेल्की समुद्रात सील असते, काठावर येऊन कातडं उतरवलं की बाई होते. एक कोळी ते कातडं लपवतो आणि तिच्याशी लग्न करतो. पोरंबाळं होतात. मग एक दिवस त्यातल्याच एखाद्या पोराला कातडं सापडतं. आई ते पांघरते आणि समुद्रात निघून जाते.

एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात. मी आमच्या गच्चीवर चादर बांधून सिनेमे दाखवते. पहिल्या वेळी गोष्ट न सांगताच ‘साँग ऑफ द सी’ लावला, तर मुलं सारखी विचारत राहिली, ‘त्या पांढऱ्या कोटाचं एवढं काय आहे?’ तो कोट म्हणजेच सेल्कीचं कातडं.

सेल्कीला जलपरी म्हणू नका. जलपरी कायमचीच अर्धी मासा असते. सेल्कीची दोन्ही रूपं पुरी असतात आणि मधे असतं ते कातडं. आपल्या आसरांशीही तिची सांगड घालू नका. माझी आजी विहिरीवर साती आसरांची ओटी भरायची, भर दुपारी आम्हाला तिकडे फिरकू द्यायची नाही. पण आसरा कुणाच्या घरी नांदायला आल्याचं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

सुरुवात ‘साँग ऑफ द सी’नेच करा. 2014चा, टॉम मूर यांचा, हाताने काढलेल्या चित्रांचा. आयर्लंडमधल्या केरीच्या किनाऱ्यावर त्यांना मारून टाकलेले सील दिसले होते. मासे कमी झाल्याचा राग सीलांवर निघत होता. जुन्या काळी सेल्कीवर विश्वास होता, तेव्हा असं कुणी केलं नसतं, असं तिथल्या एका बाईने त्यांना सांगितलं. सिनेमा त्यातून उगवला. हे मुलांना सिनेमा संपल्यावर सांगा, आधी नको.

बघताना दोन जागी थांबा. पहिली, बाप कॉनर कोटाची पेटी समुद्रात टाकतो तिथे. त्याला दुष्ट ठरवण्याची घाई करू नका. सेल्की बायको समुद्रात गेली, आता तिच्यासारखीच सेल्की असलेली मुलगीही जाईल या धास्तीने तो ते करतो. जुन्या गोष्टीतला नवरा बायकोला अडकवायला कातडं लपवतो, इथे बाप लेकीला वाचवायला. माझ्या मते या सिनेमाने गोष्टीत केलेला सगळ्यात मोठा बदल हाच. दुसरी जागा, माखा घुबडीण लोकांची दुःखं बरण्यांत बंद करते तिथे. तिचा आणि मुलांच्या आजीचा आवाज एकाच नटीचा आहे, फिओनुला फ्लानगनचा. मुलांना डोळे मिटून ऐकायला सांगा, ती स्वतःच ओळखतात.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना पुढच्या वेळी जॉन सेल्स यांचा ‘द सीक्रेट ऑफ रोन इनिश’ (1994) दाखवा. आयरिश भाषेत ‘रोन’ म्हणजे सील, ‘इनिश’ म्हणजे बेट. यात फिओना नावाच्या मुलीचा धाकटा भाऊ पाळण्यासकट समुद्रात वाहून गेलेला असतो आणि सेल्की ही तिच्याच घराण्यातली पूर्वज. सिनेमा संथ आहे, पंखा आणि पाणी जवळ ठेवा, मधे उठू देऊ नका.

नील जॉर्डन यांचा ‘ऑनडीन’ (2009) मात्र मुलं झोपल्यावर, मोठ्यांनी बघावा. कोळ्याच्या जाळ्यात बाई सापडते आणि त्याची आजारी लेक तिला सेल्की मानते. ती खरंच सेल्की आहे का, ते मी इथे सांगणार नाही.