फिरत्या कळपातल्या शेळीचा हिशोब

बंदिस्त शेळीपालनाचे तक्ते फिरत्या कळपाला लावू नका. गोठ्यात मोठा खर्च चारा-खुराकाचा असतो. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले-शिरोळकडच्या माळावर आणि ऊस तुटलेल्या रानात चरणाऱ्या कळपाला चारा बहुतेक फुकट मिळतो, महाग असतो तो राखणारा माणूस. एका माणसाच्या नजरेत मावतील तेवढीच जनावरं. म्हणून वर्षाअखेर वहीत एक आकडा बघायचा: शेळीमागे किती करडं विकली?

30 शेळ्या धरू. वर्षात 27 व्याल्या, वेताला सरासरी दीड करडू, म्हणजे साधारण 40. त्यातली 4 मेली, 36 उरली. म्हाताऱ्या शेळ्यांच्या जागी 6 पाटी (तरुण माद्या) ठेवल्या, विकायला 30. शेळीमागे एक. याच्या खाली गेलात तर आधी भाकड शेळ्या मोजा, मग मेलेली करडं.

शेळी 150 दिवसांत विते. 15 मे ते जूनअखेर बोकडाला लागलेल्या शेळ्या ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत वितात. पावसाळा सरलेला, पाला भरपूर, पुढं आखाडाच्या बाजाराला करडं आठ-नऊ महिन्यांची. याउलट मध्य जानेवारी ते मार्चअखेर लागलेल्या शेळ्या जून मध्य ते ऑगस्टमध्ये वितात. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या पावसात ओल्या तळावर ही करडं न्यूमोनियानं आणि हगवणीनं जातात. ‘दोन वर्षांत तीन वेतं’ हे पुस्तकात बरोबर आहे, पण त्यातलं एक वेत नेमकं पावसात येतं. कोरडी, वारा न लागणारी जागा असेल तरच ते घ्या. नसेल तर मध्य जानेवारी ते मार्चअखेर बोकड वेगळा ठेवा. ते जमत नसेल तर त्याच्या पोटाखाली गोणपाटाचा पडदा घट्ट बांधा. पडदा रोज बघायचा. सरकला की काम झालंच.

अडचण अशी की मेमध्ये शेळ्या वाळलेल्या असतात आणि वाळलेली शेळी नीट माजावर येत नाही. बोकड सोडायच्या तीन आठवडे आधीपासून रोज 250 ग्रॅम भरडलेला मका द्या. 30 शेळ्यांना 158 किलो लागतो. 25 रुपये भाव धरला तर चार हजारांच्या आत. एक करडू जास्त आलं तरी वसूल. पण पहिल्या दिवशीच पाव किलो घालू नका, 50 ग्रॅमपासून वाढवा, नाहीतर पोट फुगतं. 25-30 शेळ्यांना एक बोकड पुरतो. तो दोन वर्षांनी बदला, नाहीतर स्वतःच्याच पाटींना लागतो. माज 18 ते 21 दिवसांनी परत येतो, तेव्हा सगळा हंगाम बोकडासोबत राहूनही गाभण न राहिलेली शेळी दुसऱ्या वर्षीही तशीच गेली तर विका. ती चारा फुकट खात असेल, पण राखणाऱ्याची एक जागा अडवते.

करडाला जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा, नाळेला आयोडीन लावा. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचा आणि पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर धष्टपुष्ट करडं एका रात्रीत मरतात ती बहुधा याच रोगानं. पीपीआर या साथीच्या रोगाची लस तीन-चार महिन्यांच्या पुढच्या करडांना. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंताचं औषध नको.

विक्रीला वडगावच्या बाजारात जाताना ताणकाटा बरोबर न्या. व्यापारी नजरेनं उक्ता भाव करतो आणि त्याची नजर तुमच्यापेक्षा पक्की असते. 20 किलोच्या बोकडातून 45 टक्के धरलं तरी 9 किलो मटण निघतं. मटणाचा किरकोळ भाव 800 असेल तर 7,200 रुपये. वर मुंडी, पाय, वजडी, कातडं वेगळं. यातून कापणाऱ्याची मजुरी, दुकान आणि नफा वजा करून तुम्ही सौदा करा. त्यानं सांगितलेल्या आकड्यापासून सुरुवात नको.

बकरी ईदला विकायचं तर वेगळं गणित. बोकड वर्षाचा पुरा, शिंग-कान धड हवं, आणि ईद दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकते. त्यामुळं कुठल्या वर्षीच्या ईदसाठी कुठली करडं राखायची, हे ती जन्मतानाच ठरवून ठेवा. आखाड संपायच्या आत म्हाताऱ्या शेळ्याही काढा. श्रावणात गिऱ्हाईक कमी होतं आणि भाव बसतो.

शेतात खतासाठी बकरी बसवल्याचं धान्य किंवा पैसे वहीत वेगळ्या पानावर लिहा, उसात घुसल्याची भरपाई त्याच पानावर वजा करा. बऱ्याच कळपांत हे पान वर्षाअखेर शून्यावर येतं.