साउंडबार घेण्याआधी हॉलमध्ये टाळी वाजवून बघा

दुकानात साउंडबारचे, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरचे, वॉटचे आकडे बघण्याआधी घरी हॉलच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. आवाज झणझणत रेंगाळला, तर गुळगुळीत टाइल्स, मोकळ्या भिंती आणि काचेची स्लायडिंग खिडकी तो परतवतायत. अशा खोलीत महागड्या बारवरही संवाद गिचमिड ऐकू येतात. तिथे संवादांसाठी वेगळा सेंटर चॅनल असलेला, म्हणजे ३.१ (डावा, मधला, उजवा असे तीन चॅनल आणि एक सबवूफर) किंवा त्यापुढचा बार बघा. पण त्याही आधी टीव्ही आणि सोफ्याच्या मध्ये जाड गालिचा अंथरा, खिडकीला जाड पडदे लावा. हा खर्च मी तरी पहिला करेन.

डॉल्बी अ‍ॅटमॉस, म्हणजे आवाज डोक्यावरूनही आल्यासारखा वाटवणारं तंत्र, असलेल्या बऱ्याच बारमधले वरच्या दिशेचे स्पीकर आवाज छतावर आपटवून खाली आणतात. त्यासाठी छत सपाट, टणक आणि साधारण ८ ते १४ फूट उंच हवं. उतरतं छप्पर किंवा पायऱ्यापायऱ्यांचं पीओपी असेल तर त्या स्पीकरवर पैसे घालवू नका.

हॉलची एक बाजू स्वयंपाकघराकडे उघडी असेल, तर त्या बाजूला आवाज परतवायला भिंतच नसते; मग मागे ठेवायचे वेगळे स्पीकर असलेला सेट बरा. सबवूफर, म्हणजे खोल आवाजाचा (बेसचा) स्पीकर, कोपऱ्यात घुमतो. जरा बाहेर सरकवून ऐका.