पेट्रोलचा पाइप घडी न पडू देता कसा वाकवायचा

जुन्या जीपची किंवा मारुती 800ची गंजलेली पेट्रोल लाइन बदलताना घात होतो तो वाकावर. वाकताना पाइपची बाहेरची भिंत ताणली जाते आणि आतली आकसते. बाजूने आधार नसला की पाइप चपटा होतो, आणि आणखी जोर लावला की आतल्या बाजूला घडी पडते. म्हणून गुडघ्यावर किंवा व्हाइसच्या कडेवर पाइप वाकवू नका.

आधी जुना पाइप व्हर्नियरने मोजा. 8 मिमी आणि 5/16 इंच जवळपास सारखेच, पण 6 मिमी आणि पाव इंच (6.35 मिमी) यांत गल्लत चालत नाही. बेंडरची (पाइप वाकवायच्या हत्याराची) खाच त्याच मापाची हवी. 8 मिमीचा पाइप 3/8 इंचाच्या खाचेत टाकला तर बेंडर असून नसल्यासारखाच. एसी-फ्रिजच्या मिस्त्रीकडे लिव्हर बेंडर असतोच. त्याच्याकडची तांब्याची नळी मात्र घेऊ नका. ती सहज वाकते हे खरं, पण गाडीच्या थरथरीने कडक होऊन तडकते, शिवाय तांब्यामुळे पेट्रोलमध्ये लवकर गोंद धरतो. कोटिंगचा स्टील पाइप किंवा क्युप्रोनिकेल (तांबं आणि निकेलचा मिश्रधातू) घ्या.

नव्या पाइपची गुंडाळी टेबलावर ठेवून उलट लोळवत सरळ करा. टोक धरून ओढली की तिला पीळ बसतो. मग जुन्या लाइनवर जाड जीआय तार बसवून तिचा नमुना करा, कारण गंजका पाइप काढताना बहुतेक तुटतोच.

आता वाक. त्रिज्या पाइपच्या बाहेरच्या व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे 8 मिमीला 24 मिमी. एका टोकापासून सुरुवात करून क्रमाने पुढे जा. खूण मार्करने करा, कानशीने नाही. पाइप खाचेत पूर्ण बसवा, खाचेला तेलाचा थेंब द्या आणि लिव्हर एकाच संथ दाबाने ओढा. स्टील सोडल्यावर दोन-तीन अंश मागे येतं, तेवढं जास्त वाकवा. जास्तच वाकला तर थोडा उघडता येतो, पण तोच वाक पुन्हा-पुन्हा मागेपुढे केला की धातू कडक होऊन तडा जातो.

लांबीचा हिशेब इथे चुकतो. 24 मिमी त्रिज्येच्या काटकोनात कोपऱ्यापर्यंतचं मोजमाप 24 अधिक 24, म्हणजे 48 मिमी, पण पाइप लागतो 37.7. दर काटकोनाला सुमारे 10 मिमी उरतात. पाच वाक असले तर पाच सेंटिमीटर. म्हणून शेवटचं टोक वाक झाल्यावरच कापा. फ्लेअरच्या (नटने आवळण्यासाठी पसरट केलेल्या) टोकाला निदान 40-50 मिमी सरळ भाग ठेवा आणि नट फ्लेअरआधी घाला. वाकावरून नट पुढे सरकत नाही. फ्लेअर झाल्यावर नटची आठवण आली तर टोक कापूनच टाकावं लागतं.

स्प्रिंग बेंडर, म्हणजे पाइपच्या आत घालायची स्प्रिंग, मोठ्या, सैल वळणांना ठीक. आत अडकला तर पिळत काढा. काही जण आत वाळू भरतात. पेट्रोल लाइनला ते नको, एक कण राहिला तरी फिल्टर किंवा इंजेक्टर त्रास देतो. गॅसने तापवणंही टाळा, कोटिंग जळतं. वाकावर व्हर्नियर लावा: 8 मिमीचा पाइप 7.2च्या खाली दबला असेल तर टाकून द्या. पक्कडीने गोल करत बसू नका.

कापायला हॅकसॉ नव्हे, पाइप कटर. कडा आतून साफ करून हवा मारा.

बसवण्यापूर्वी टाकी रिकामी करा, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, जवळ ग्राइंडर नको. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 गाठतो तेव्हा सायलेन्सरच्या अंगाने गेलेली लाइन कार्बोरेटरच्या गाडीत हमखास पेट्रोलची वाफ करते, गाडी सिग्नलला बंद पडते. किमान 75-100 मिमी अंतर ठेवा. दर 30-40 सेंटिमीटरला रबर लावलेला क्लिप द्या, चेसिसमधून जाते तिथे ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी). इंजिन आणि चेसिसच्या मध्ये इंधनाचा चांगला रबरी होज हवाच, आणि इंजेक्शनच्या गाडीला दाबाला चालणारा. होज चढतो त्या पाइपच्या टोकाला गोल उंचवटा तयार करा, नाहीतर क्लॅम्प कितीही आवळला तरी होज निसटू शकतो.