जनरेटरची जागा पावसाआधी ठरवा

मृग तोंडावर आला की आपल्याकडं विजेचा भरवसा उरत नाही. वळवाच्या वादळात फांदी तारेवर पडते, डीपीचा फ्यूज उडतो, आणि पाटण-जावळीच्या डोंगरातल्या वाड्यांवर वायरमन पोचायला वेळ लागतो. इकडं धारा काढायचं यंत्र थांबलेलं, पोल्ट्रीतले पंखे बंद. म्हणून दोरी ओढून सुरू होणारे छोटे पेट्रोल जनरेटर आता गावोगाव दिसतात. ते यावेत यात वाईट काही नाही. पण हे यंत्र उघड्यावरच चालवायचं असतं आणि त्याची गरज लागते नेमकी पडत्या पावसात. भिजू नये म्हणून माणूस ते उचलून सोप्यात, पडवीत नाहीतर गोठ्यात आणतो. माणसं दगावतात ती अशा वेळी.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. काळा धूर दिसला नाही तरी हा वायू बाहेर पडतच असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त ओढीनं चिकटतो, त्यामुळं श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं जड होतं, मग चक्कर, मळमळ, उलटी, आणि शेवटी उठून दार उघडण्याइतकंही बळ राहत नाही. झोपलेल्या माणसाला तर यातलं काहीच जाणवत नाही.

‘खिडकी उघडी ठेवली होती की,’ असं पुष्कळजण म्हणतात. खिडकी उघडी ठेवून भागत नाही, पंखा लावूनही भागत नाही. पत्र्याच्या गोठ्याला वर फटी असतात, पडवीला एक बाजू मोकळी असते, तरी आत साठणारा वायू त्या वाटेनं पुरेसा निघून जात नाही. उलट पडवीतला धूर दाराच्या फटीतून थेट झोपायच्या खोलीत येतो.

म्हणून आत्ताच, ऊन आहे तोवर, परड्यात जागा नक्की करा. घरापासून आणि गोठ्यापासून निदान २० फूट लांब, आसपासच्या जमिनीपेक्षा थोडा उंच असा विटांचा नाहीतर फरशीचा ओटा करा. चार खांब रोवा, वर उतरता पत्रा टाका आणि चारी बाजू मोकळ्या सोडा. झड आत येते म्हणून कुणी बाजूला ताडपत्री किंवा पोती बांधतं. तसं केलंत तर त्याचीच खोली झाली. झड लागते म्हणून पत्रा हातभर पुढं काढा, पण बाजू बंद करू नका. पावसाळ्यात आपल्याकडं वारा बहुतेक पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा असतो. त्यामुळं घराच्या पूर्व अंगाला जागा मिळाली तर उत्तम, आणि सायलेन्सरचं तोंड घराकडं नको. शेजाऱ्याची खिडकी त्या बाजूला येते का, तेही बघा. एवढी जागा ज्याच्याकडं नाही, त्यानं माझ्या मते जनरेटर घेऊच नये. दिव्याला, पंख्याला, मोबाइलला इन्व्हर्टर पुरतो.

कृष्णाकाठच्या गावांना आणखी एक सांगणं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. पाणी चढलं की माणसं माडीवर जातात आणि जनरेटरही वर नेतात. माडीवर किंवा जिन्यात तो कधीच सुरू करू नका. त्या दिवसांसाठी बॅटरीचे दिवे आणि पॉवर बँक भरून ठेवा. पाण्यात बुडालेला जनरेटर पूर ओसरल्यावर लगेच ओढून बघायचा नाही, आधी मिस्त्रीला दाखवायचा.

विहिरीचंही बोललं पाहिजे. पंप वर ठेवून पाणी ओढलं तर ते साधारण २५ फुटांपलीकडं उचलत नाही, म्हणून गाळ काढताना पेट्रोलचं किंवा डिझेलचं इंजिनच विहिरीत कठड्यावर उतरवतात. खोल विहिरीत वायू साठतो आणि खालचा माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. इंजिन विहिरीत उतरवूच नका. आत विजेवरचा पाणबुडी पंप सोडा आणि जनरेटर वर, काठापासून लांब ठेवा. कुणी आत पडलाच तर तसंच खाली उतरू नका, ११२ ला फोन करून अग्निशमनची माणसं बोलवा.

आता आगीचं. जनरेटर बऱ्याचदा वैरणीच्या गंजीशेजारी नाहीतर शेण्यांच्या ढिगाला लागून ठेवलेला असतो, कारण कडबाकुट्टी तिथंच असते. सायलेन्सर इतका तापतो की त्यावर पडलेली पाचटाची काडी आधी करपते, मग पेटते. आजूबाजूची जागा झाडून मोकळी ठेवा. पेट्रोल चालू इंजिनात कधीच ओतू नका. बंद करा, १५-२० मिनिटं गार होऊ द्या, मग फनेल लावून भरा आणि टाकी काठोकाठ भरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि चार पावलांवरच्या विडीनं किंवा कंदिलानंही पेट घेते. म्हणून दिवसाउजेडीच टाकी भरून ठेवावी. रात्री भरायची वेळ आलीच तर बॅटरी वापरा. कॅन झाकणबंद, चूल आणि देवघरापासून लांब, घराबाहेर हवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नका, आग पसरते. पोतंभर कोरडी माती पत्र्याखाली ठेवा, जमलं तर पावडरचा अग्निशामक घ्या.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो. केबल जाड आणि अखंड घ्या, अर्थिंग करा, ओल्या हातानं प्लग लावू नका. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटला उलटी जोडायची पद्धत मात्र ताबडतोब बंद करा. तो करंट मीटरमधून उलटा लाईनवर जातो, आणि लाईन बंद आहे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेऊ शकतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी एकतर लाईन नाहीतर जनरेटर जोडणारा स्विच, बसवून घ्या. तुटलेली तार दिसली तर जवळ न जाता महावितरणला १९१२ वर कळवा.

बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो झोपायच्या खोलीजवळ लावा. धुराचा अलार्म या वायूला वाजत नाही. आणि जनरेटर चालू असताना घरातल्या दोघातिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या, पण ताप कुणालाच नाही, तर जेवण बाधलं म्हणून बसू नका. सगळे बाहेर मोकळ्या हवेत या, १०८ ला फोन लावा. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस यांना आधी काढा. कोरोनापासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, पण इथं त्यावर विसंबू नका. रक्तात कार्बन मोनॉक्साइड भरला असला तरी तो आकडा ९८-९९ दाखवू शकतो. दवाखान्यात पोचल्यावर घरात जनरेटर चालू होता हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा, म्हणजे ऑक्सिजन लगेच लावता येईल.