टोकियोतले पहिले काही आठवडे : नवीन येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

जपानला शिकायला येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक व्हिसा, फी आणि स्कॉलरशिपचे असतात, ते साहजिकच आहे, पण विमानातून उतरल्यावर पहिल्या आठवड्यात जे अंगावर येतं त्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही. ते म्हणजे हे शहर. त्याची गर्दी, त्याची स्टेशनं आणि त्या गर्दीतली शांतता. माझा सगळा अनुभव टोकियोचा आहे त्यामुळे त्याबद्दलच लिहितेय.

शिंजुकु हे जगातलं सर्वात वर्दळीचं स्टेशन, गिनीज बुकात नोंद आहे, रोज तीस लाखांहून जास्त लोक ये-जा करतात आणि बाहेर पडायला दोनशेहून जास्त वाटा आहेत. आकडे मी आधी वाचले होते, पण सकाळी आठ-साडेआठला तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं की आकड्यांनी काहीच कळत नाही. हजारो माणसं समोरून येतायत, बाजूने जातायत, आणि कुणी कुणाशी बोलत नाहीये. फक्त पावलांचा आवाज, स्पीकरवरची अनाउन्समेंट आणि कार्ड टेकवल्यावरचा गेटचा पीक पीक. मला गर्दीपेक्षा त्या शांततेनेच जास्त बिचकायला झालं, वाटलं की ही माणसं किती कोरडी आहेत. आता तसं अजिबात वाटत नाही. ट्रेनमध्ये फोनवर न बोलणं, फोन सायलेंटवर ठेवणं, पाठीवरची सॅक पुढे घेणं, उतरणाऱ्यांना आधी उतरू देणं, हे सगळं इतक्या लोकांनी एकत्र जगायचं म्हणून पाळलं जातं. तुम्ही पण पहिल्या दिवसापासून पाळा, कुणी ओरडणार नाही पण नजरा कळतात. एस्कलेटरवर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे. स्टेशनवर बोर्ड असतात की एस्कलेटरवर चालू नका, तरी लोक चालतात, त्यामुळे घाई नसेल तर डावीकडे गप उभं राहायचं.

माझं मत असं की गर्दीची भीती माणसांमुळे कमी आणि पुढे कुठे वळायचं ते माहीत नसल्यामुळे जास्त वाटते. म्हणून सगळं शहर समजून घ्यायच्या मागे लागू नका. खोली ते कॉलेज हा एकच रस्ता पक्का करा, आणि तोही क्लास सुरू व्हायच्या आधी, रविवारी सकाळी वगैरे, जेव्हा थांबून पाट्या वाचता येतात. कुठल्या कंपनीची लाईन, कुठे बदलायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठला एक्झिट. एक्झिटच्या पाट्या पिवळ्या असतात, त्यावर नंबर किंवा अक्षर असतं. कुणाला भेटायचं असेल तर नुसतं स्टेशनचं नाव ठरवून काही उपयोग नाही, एक्झिटचा नंबर ठरवा. शिंजुकुला चुकीच्या बाजूने बाहेर पडलात तर परत आपल्या बाजूला यायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. मॅप अ‍ॅपमध्ये कुठल्या डब्यात चढलं की जिना जवळ पडेल ते पण दाखवतात, रोजच्या प्रवासात याचा खूप फायदा होतो.

ट्रेनचं जाळं नकाशावर बघून डोकं गरगरतं हे खरंय. भुयारी लाईनीच १३ आहेत, ९ टोकियो मेट्रो कंपनीच्या आणि ४ तोएईच्या म्हणजे टोकियो सरकारच्या, त्यात जेआर म्हणजे जपान रेल्वे वेगळी आणि खाजगी कंपन्या वेगळ्या. कंपनी बदलली की बहुतेक वेळा भाडं नव्याने सुरू होतं, त्यामुळे सर्वात जवळचा रस्ता सर्वात स्वस्त असेलच असं नाही. सुरुवात यामानोते लाईनपासून करा, फिक्या हिरव्या रंगाची, गोल फिरणारी, ३० स्टेशनं, पूर्ण फेरीला साधारण एक तास. शिंजुकु, शिबुया, इकेबुकुरो, उएनो, टोकियो स्टेशन सगळी हिच्यावरच आहेत, आणि गोल असल्यामुळे उलट्या दिशेची पकडली तरी पोचाल, उशिरा का होईना. लोकल आणि रॅपिडमध्ये मात्र लक्ष द्या, चुओ लाईनवर केशरी पट्ट्याची गाडी रॅपिड आणि पिवळ्या पट्ट्याची गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबणारी. सुइका किंवा पास्मो कार्ड घ्या, म्हणजे आधी पैसे भरून गेटवर टेकवायचं कार्ड, कॉलेजचा रस्ता पक्का झाला की तेइकी म्हणजे महिन्याचा पास काढा. विद्यार्थ्यांची सवलत सगळ्याच लँग्वेज स्कूलना मिळत नाही, ते शाळेच्या ऑफिसात आधीच विचारून घ्या. मुलींसाठी सांगते, सकाळच्या गर्दीत बऱ्याच लाईनींवर महिलांचा वेगळा डबा असतो, प्लॅटफॉर्मवर गुलाबी खूण असते. मी पहिले काही महिने त्यातूनच जायचे आणि तुम्हालाही तेच सांगेन. शेवटची ट्रेन मध्यरात्रीच्या आसपास जाते आणि मग पहाटेपर्यंत काही नसतं, टॅक्सी विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही.

नारिता विमानतळ शहरापासून साठेक किलोमीटर लांब आहे, हानेदा हा दुसरा विमानतळ मात्र शहराच्या जवळ आहे. नारिताहून स्कायलायनर ही केइसेइ कंपनीची जलद ट्रेन शहरातल्या निप्पोरी स्टेशनला चाळीसेक मिनिटांत पोचवते, केइसेइची साधी ट्रेन स्वस्त पण वेळ जास्त. दोन मोठ्या बॅगा घेऊन सकाळच्या गर्दीत शिरू नका. विमानतळावर सामान घरपोच करणाऱ्यांचे काउंटर असतात, बॅग बहुतेक दुसऱ्या दिवशी पत्त्यावर येते, त्याला थोडे येन जातात पण तेवढे खर्च करा, खरंच करा.

आता कागदपत्रं. झाइर्यू कार्ड म्हणजे इथे राहायचं ओळखपत्र मोठ्या विमानतळांवर उतरल्यावरच मिळतं, आणि पार्ट टाइम कामाच्या परवानगीचा अर्ज तिथल्या तिथे देता येतो, तो भरूनच बाहेर पडा. आठवड्याला २८ तास ही मर्यादा आहे, मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास. दोन ठिकाणी काम केलं तरी तास एकत्र धरतात आणि मर्यादा ओलांडली तर व्हिसा वाढवताना अंगाशी येतं, त्यामुळे कुणी कितीही सांगितलं की चालतं, ऐकू नका. राहायची जागा ठरली की १४ दिवसांत तुमच्या वॉर्डच्या ऑफिसात म्हणजे कुयाकुशोत पत्ता नोंदवायचा. तिथेच आरोग्य विम्याचं काम होतं, मग दवाखान्यात साधारण ३० टक्केच खर्च आपला. वीस वर्षांच्या वर असाल तर पेन्शनचं पण लागू होतं, विद्यार्थ्यांनी हप्ते पुढे ढकलायचा अर्ज असतो तो त्याच फेरीत विचारा. फोन नंबर नाही म्हणून बँक खातं नाही आणि बँक खातं नाही म्हणून फोन नाही, असं सगळ्यांचंच काही दिवस होतं, शाळेच्या ऑफिसातली माणसं यातून वाट काढून देतात, त्यांना विचारायला लाजू नका. तोपर्यंत सेव्हन इलेव्हनमधल्या एटीएमवर बाहेरची कार्डं बहुतेक चालतात.

खोलीबद्दल एकच सांगते, पहिले सहा महिने शाळेचं हॉस्टेल मिळत असेल तर तेच घ्या. बाहेर घर घ्यायचं तर डिपॉझिट, मालकाला द्यायचे परत न मिळणारे पैसे, गॅरंटर कंपनीची फी असं सगळं मिळून भाड्याच्या कितीतरी पट एकदम द्यावं लागतं. आणि लहान खोली चालेल पण कॉलेजच्या जवळ बघा. रोजचा दीड तास उभ्याने प्रवास करून माणूस अभ्यासाला बसू शकत नाही.

खाण्याचं शाकाहारी लोकांना जड जातं, कारण दिसायला साध्या सूपमध्ये सुद्धा बहुतेक वेळा दाशी म्हणजे माशाचा अर्क असतो. शिन-ओकुबो स्टेशनजवळ मसाले, डाळी, पीठ मिळणारी दुकानं आहेत, आणि एदोगावा वॉर्डात निशी-कासाइला बरीच भारतीय कुटुंबं राहतात, तिथे पण सगळं मिळतं. खोलीवर स्वयंपाक सुरू केला की शहर निम्मं सोपं होतं, मनाने पण.

एकटं वाटेल, इतक्या माणसांत असून वाटेल. तेव्हा शिंजुकुच्या पश्चिमेला टोकियो सरकारच्या इमारतीत ४५व्या मजल्यावर जा, तिकीट नाही, आणि ज्या गर्दीत रोज घुसमटतो ती वरून बघा. हिवाळ्यात हवा स्वच्छ असेल तर फुजी पण दिसतो. मला तिथेच पहिल्यांदा दिशा कळल्या, आपली खोली कुठे आणि कॉलेज कुठे.

आणि भूकंपाचं. फोन एकदम मोठ्याने वाजायला लागला तर ती भूकंपाची सूचना असते, हलायला सुरुवात व्हायच्या आधी काही सेकंद मिळतात. टेबलाखाली जा, खिडकीपासून लांब. आल्या आल्या आपल्या भागातली आसऱ्याची जागा कुठली ते कुयाकुशोच्या नकाशावर बघून ठेवा, तो नकाशा बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत पण मिळतो. पोलीस ११०, अँब्युलन्स आणि आग ११९.