हुक नॉर्टनचा मनोरा: बीअर-निर्मिती शिकायला इंग्लंडला येणाऱ्यांसाठी

बीअर-निर्मितीचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला आलेल्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी कोणती ब्रूअरी (बीअरचा कारखाना) पाहावी, असे कोणी विचारले की मी लंडनमधल्या नव्या क्राफ्ट ब्रूअरींऐवजी ऑक्सफर्डशायरमधल्या हुक नॉर्टन या गावाचे नाव सांगतो. मी नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या सटन बॉनिंग्टन येथील आवारात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केला आणि त्यानंतर एका छोट्या पारंपरिक ब्रूअरीत काम केले. आधुनिक कारखान्यात बहुतेक क्रिया बंद स्टीलच्या टाक्यांत घडतात आणि नवशिक्याला दिसतात ते केवळ पडद्यावरचे आकडे. हुक नॉर्टनमध्ये मात्र पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य, बहुधा बार्ली) आणि वर्ट (माल्टमधून निघणारा गोड रस) कोठून कोठे जातात आणि का जातात, हे जिने चढता-उतरता समजत जाते.

जॉन हॅरिस या शेतकऱ्याने 1849 मध्ये या गावात माल्टघर असलेले एक शेत घेतले आणि त्यातून पुढे हा व्यवसाय उभा राहिला. त्या काळी इंग्लंडच्या खेड्यांत असे उद्योग पुष्कळ होते. त्यांतले बहुतेक पुढे मोठ्या कंपन्यांनी विकत घेऊन बंद केले. या गावाला मदत झाली ती आसपासच्या लोहखनिजाची आणि रेल्वेची. बॅनबरीहून चेल्टनहॅमकडे जाणारा लोहमार्ग 1887 मध्ये सुरू झाला आणि गावाजवळचे उंच पूल बांधण्यासाठी आलेल्या मजुरांमुळे बीअरची मागणी वाढली. त्याच वर्षी हॅरिस यांचे निधन झाले. व्यवसाय नातेवाइकांकडे गेला, 1900 मध्ये त्याची मर्यादित कंपनी झाली, आणि क्लार्क कुटुंबाचा तिच्याशी असलेला संबंध आजतागायत टिकून आहे.

आज आपण पाहतो ती इमारत विल्यम ब्रॅडफर्ड या वास्तुविशारदाने आखली आणि ती 1900 च्या सुमारास पूर्ण झाली. ब्रूअरीच्या इमारती हाच ब्रॅडफर्ड यांचा खास विषय होता. ससेक्समधल्या लुईस गावातील हार्वीज ब्रूअरीचा मनोराही त्यांचाच. वीट, दगड, लाकूड, ओतीव लोखंड आणि स्लेट यांची ही उंच, काहीशी वेडीवाकडी वाटणारी रचना छायाचित्रात शोभेची दिसते; पण तिचा प्रत्येक मजला कामाच्या क्रमाने बांधलेला आहे. पाणी आणि माल्ट एकदा वर चढवले की पुढचा प्रवास बहुतांशी गुरुत्वाकर्षणावर होतो: भरडलेला माल्ट मॅश टन या मोठ्या भांड्यात साधारण 65 अंश सेल्सियसच्या पाण्यात भिजतो, त्यातून निघालेला गोड वर्ट खालच्या कॉपरमध्ये, म्हणजे उकळण्याच्या मोठ्या भांड्यात, हॉप्ससह (बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांसह) उकळतो, थंड होतो आणि आणखी खाली किण्वनाच्या टाक्यांत उतरतो. पाणी आणि माल्ट वर चढवण्याचे आणि चक्की फिरवण्याचे काम बर्टन-ऑन-ट्रेंटच्या बक्स्टन अँड थॉर्नली कंपनीचे 25 अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन 1899 पासून करीत आले. 2006 पर्यंत ते या कारखान्याची मुख्य चालक शक्ती होते, ही गोष्ट मला आजही थक्क करते. पंप, उष्णतेची देवाणघेवाण आणि पाण्याचा दाब यांची गणिते सोडवताना हा मनोरा डोळ्यांसमोर आणावा. निम्मे काम सोपे होते.

आता बीअरकडे वळू. भारतातून येणारा विद्यार्थी बहुधा आयपीएच्या (इंडिया पेल एल या बीअरच्या) ओढीने येतो, आणि त्याला कारणही आहे, कारण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या बो भागातील हॉजसन यांच्या ब्रूअरीतून आणि पुढे 1820 च्या दशकापासून बर्टनहून निघालेली फिकट, हॉप्सने कडवट केलेली बीअर ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराबरोबर आपल्याच बंदरांत उतरत असे. तरीही माझा आग्रह असा की अभ्यासाची सुरुवात आयपीएपासून करू नये. ती हुक नॉर्टनच्या ‘हुकी’ या साध्या बिटरपासून (इंग्लंडच्या रोजच्या, कडवटसर बीअरपासून) करावी. हिच्यात मद्यार्क साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. वर्टची सुरुवातीची घनता (पाण्याची 1000 मानून) 1036 च्या जवळ ठेवून किण्वन 1009 च्या आसपास थांबले की साधारण एवढाच मद्यार्क मिळतो, आणि इतक्या पातळ वर्टमध्ये चूक झाकायला जागा उरत नाही. मॅशचे तापमान दोन अंशांनी चढले तर बीअर तोंडाला जड लागते, उतरले तर बीअर पाणचट लागते. हॉप्स थोडे जास्त पडले तर माल्ट हरवतो. सात टक्क्यांच्या, हॉप्सने भरलेल्या बीअरमध्ये जे दोष कोणाच्या लक्षातही येणार नाहीत, ते येथे पहिल्या घोटातच कळतात. म्हणून बिटर उत्तम करणाऱ्या कारागिराबद्दल मला सर्वाधिक आदर वाटतो.

‘ओल्ड हुकी’ ही 4.6 टक्क्यांची, तांबूस आणि फळांच्या चवीची बीअर 1977 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त प्रथम तयार झाली. ‘डबल स्टाउट’ या काळ्या बीअरची कथा अधिक जुनी आहे: पहिल्या महायुद्धात काळ्या माल्टचा तुटवडा पडल्याने ती थांबली आणि 1996 मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या युद्धातील कच्च्या मालाची टंचाई आणि वाढलेला कर यांमुळे एकूणच इंग्लिश बीअर सौम्य झाली आणि नंतर ती कधीच पूर्वीइतकी कडक झाली नाही. आजचा कायदाही मद्यार्कावर कर लावतो. ऑगस्ट 2023 पासून साडेतीन टक्क्यांखालच्या बीअरला कमी दर आहे. पाककृती आणि करपत्रक येथे एकत्र वाचावे लागतात, हे वर्गात लवकर कोणी सांगत नाही.

पारंपरिक बीअर कारखान्यातून निघते तेव्हा ती पूर्ण झालेली नसते, ही गोष्ट नवागताने नीट समजून घ्यावी. पिंपात थोडे जिवंत यीस्ट आणि थोडी साखर शिल्लक असते. दुसरे किण्वन पबच्या तळघरात होते आणि त्यातूनच तिला सौम्य फेस येतो. सर्वाधिक वापरात असलेल्या पिंपाला फर्किन म्हणतात. त्यात नऊ गॅलन, म्हणजे सुमारे 41 लिटर बीअर मावते. तळघर 11 ते 13 अंशांवर ठेवावे लागते, आणि पिंप उघडल्यावर बीअर साधारण तीन दिवसांत संपवावी लागते. ही पद्धत 1970 च्या आसपास नष्ट होण्याच्या मार्गावर होती. 1971 मध्ये स्थापन झालेल्या कॅमरा (कॅम्पेन फॉर रिअल एल) या ग्राहक-चळवळीने तिला पुन्हा उभारी दिली. शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी एक माहिती महत्त्वाची आहे: पिंपातील बीअर नितळ करण्यासाठी परंपरेने आयसिंग्लास वापरतात आणि ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनते. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाला मोठा भाव मिळतो तोही अशाच पिशवीमुळे. काही ब्रूअरी आता आयसिंग्लासविना बीअर देतात. चवीच्या तासाला बसण्यापूर्वी विचारून घेण्यात संकोच करू नये.

यीस्टबाबत लुईसच्या हार्वीजचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. या ब्रूअरीने 1957 मध्ये यॉर्कशायरच्या टॅडकास्टर येथील जॉन स्मिथ्सकडून यीस्ट आणले आणि तेव्हापासून घरातल्या विरजणाप्रमाणे एका खेपेतले यीस्ट पुढच्या खेपेला वापरून ते चालू ठेवले आहे. इतक्या वर्षांत त्याने त्या जागेचा स्वतंत्र स्वभाव धारण केला आहे. प्रयोगशाळेतून दरवेळी ताजे यीस्ट मागवणाऱ्या कारखान्यात यीस्टच्या स्वभावाची ही जाण सहसा येत नाही.

शिक्षणाचे मार्ग आता थोडक्यात सांगतो. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यनिर्मिती तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते; सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र किंवा रासायनिक अभियांत्रिकीची पदवी असली तरीही पाया पुरेसा असतो. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमखेरीज एडिनबरोचे हेरियट-वॉट विद्यापीठ या विषयासाठी जगभर ओळखले जाते. विद्यापीठाचा खर्च झेपत नसेल त्यांनी लंडनस्थित चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ ब्रूअर्स अँड डिस्टिलर्सच्या परीक्षांचा विचार करावा. प्राथमिक प्रमाणपत्र, मग डिप्लोमा आणि शेवटी मास्टर ब्रूअर, अशी त्यांची चढती रचना आहे, आणि नोकरी करीत स्वाध्यायाने त्या देता येतात.

पदव्युत्तर पदवी हाती असली तरी पहिली नोकरी बहुधा पिंपे धुण्याची, मॅश टनमधला भिजका चोथा फावड्याने काढण्याची आणि कॉस्टिक सोड्याने नळ्या साफ करण्याची असते. त्यात कमीपणा मानू नये, कारण बीअर बिघडते ती मुख्यतः अस्वच्छतेने, आणि ती ओळखण्याची नजर याच कामातून तयार होते. भरलेले फर्किन पन्नास किलोंहून जड असते. ते उचलायचे नसते, कडेवर तोलून फिरवायचे असते, आणि हे तंत्र जुन्या कामगाराकडूनच शिकावे. उघड्या किण्वन-टाकीवर वाकून वास घेण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण फेसावर साचलेला कार्बन डायऑक्साइड दोन श्वासांत माणसाला बेशुद्ध करू शकतो. म्हणून त्या खोलीत एकट्याने आणि वायुमापकाशिवाय जाऊ नये.

व्हिसाचा विचार प्रवेश घेण्याआधीच करावा. लहान ब्रूअरींना परदेशी कर्मचाऱ्याचे प्रायोजकत्व बहुधा परवडत नाही, त्यामुळे पदवीनंतर ग्रॅज्युएट रूट या, काम करण्याची मुभा देणाऱ्या व्हिसावर मिळणारा काळ अनुभवासाठी राखून ठेवावा. भारतात परतायचे असेल तर पुणे, मुंबई आणि बंगळुरूतल्या मायक्रोब्रूअरींना किण्वन आणि स्वच्छता दोन्ही हाताने केलेला माणूस हवा असतो. अर्जात पदवीच्या खाली आपण किती प्रकारची पिंपे धुतली, भरली आणि तळघरात लावली, हेही स्पष्ट लिहावे. मुलाखतीतले पहिले प्रश्न अनेकदा त्यावरच येतात.